सात आसने, सहा माणसे आणि एक खुर्ची

मोटारीचा विषय आमच्या घरात निघाला तो आई पडली म्हणून. एरवी तो माझ्या निवृत्तीपर्यंत निघाला नसता. मराठी शिकवणाऱ्या माणसाचा वाहनांशी संबंध येतो तो बहुधा देवादिकांच्या वाहनांपुरता. आणि आमच्या जुन्नर तालुक्यात तर अष्टविनायकांपैकी दोन, लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नेश्वर, अगदी उंबऱ्याशी. एवढ्या मोठ्या देहाचा देव एका उंदरावर भागवतो, मग आपण लहानशा मोटारीत सहा जण का भागवू नये, असा माझा हिशेब होता. त्या हिशेबावर आम्ही नऊ वर्षे काढली.

सहा जण म्हणजे मी, सौ., आई, लहानपणी मला सांभाळलेली आणि पुढे विधवा होऊन आमच्याकडेच राहिलेली आत्या, चिरंजीव आणि कन्या. कन्या लहान होती तोवर ती कोणाच्या तरी मांडीवर जात असे. माणसे वाढतात, मोटारी वाढत नाहीत, हे ध्यानात यायला जरा वेळ लागला. पण तोही प्रश्न आम्ही 'कोणीतरी एस.टी.ने येईल' या वाक्यावर भागवीत आलो होतो, आणि ते 'कोणीतरी' म्हणजे बहुतेक वेळा आत्या असे.

गेल्या वर्षी श्रावणात आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि मांडीचे हाड मोडले. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितले की, घरातल्या घरात वॉकर धरून त्या चालतील, बाहेर मात्र चाकांची खुर्ची लागेल. तेव्हा ती घडीची खुर्चीही घेतली. दवाखान्यातून घरी नारायणगावला निघालो, आणि खुर्ची गाडीच्या डिकीत काही केल्या मावेना. शेवटी झाकण अर्धवट उघडे ठेवून सुतळीने बांधले, आणि चाकण, खेड, मंचर अशी गावे मागे टाकीत, प्रत्येक गतिरोधकाला मागे खडखड वाजवीत आम्ही घर गाठले. आत्या आणि चिरंजीव मागाहून एस.टी.ने आले. तेव्हापासून घरातून निघताना पहिला प्रश्न 'कोठे जायचे' हा राहिला नाही. 'राहणार कोण' हा झाला. आणि विचारण्याआधीच आत्या म्हणायची, "मला काय, घर राखायला कोणी हवंच की."

त्यातून आमच्या मुलखात संध्याकाळची एस.टी. हे काही निश्चिंत प्रकरण नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांच्या वनविभागात उसाच्या फडांतून बिबटे नांदतात. माणिकडोहला तर त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. फाट्यावर उतरून पासष्टीच्या बाईने अंधारात उसाच्या कडेने चालत यावे, हे शहरातल्या वाचकांना कादंबरीतले वाटेल. आम्हाला वाटत नाही. एका रात्री आत्या टॉर्च घेऊन, मोठ्याने अभंग म्हणत घरी आली. भक्तीने नव्हे, आवाज व्हावा म्हणून. त्याच रात्री सौ. म्हणाली, "अहो, आता गाडी बघायची. सगळे बसतील अशी. आणि खुर्चीसुद्धा."

या 'सुद्धा'त पुढचे सहा महिने गेले.

आधी मी माझ्या स्वभावाप्रमाणे शब्दांच्या मागे लागलो. सात माणसांच्या गाडीला मराठीत नाव काय? आपल्याकडे बायकामुलांना न्यायची आच्छादित बैलगाडी होती, छकडा होता, दमणी होती. मोटारीच्या काळात मात्र सगळी नावे बाहेरून आली. 'टेंपो' हा शब्द आपण इतका मराठी केला की त्याचे अनेकवचनही तेच ठेवले. पण तो मुळात हॅम्बुर्गकडच्या एका जर्मन कारखान्याच्या वाहनांचा छाप. तो आपल्या पुणे जिल्ह्यात रुजला तो १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेंपो कंपनीमुळे. याच कंपनीची मॅटॅडोर १९६९ साली आली, आणि पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांनी एका पिढीची लग्ने लावली. माझ्या मामाच्या वऱ्हाडात आम्ही तिच्यात किती जण होतो हे सांगत नाही. वाहतूक पोलिसांच्या नियमाला मुदत असते की नाही, मला ठाऊक नाही. मॅटॅडोर म्हणजे स्पॅनिश भाषेत बैलाशी झुंजून त्याला मारणारा. बैलगाड्याच्या शर्यतींसाठी जीव टाकणाऱ्या आमच्या मुलखात हे नाव कोणी खुशाल चालवून घेतले, कारण अर्थ कोणाला ठाऊक नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा वाट मिळाली. या मधल्या वर्षांत आमच्याकडे जी तगमग झाली ती पाहता, हा अर्थ कळला असता तर मॅटॅडोरला गावात कोणी येऊ दिले नसते.

मग नव्या गाड्यांची नावे पाहिली. एर्टिगा या नावात 'टिगा' आहे, तो इंडोनेशियाच्या भाषेतला तीन. तीन रांगा, असा त्याचा अर्थ. इनोव्हाचे आणि तिच्या आधीच्या क्वालिसचे घराणे त्याच देशातले. तेथे या घराण्याचे नाव किजांग, म्हणजे भेकर. भीमाशंकरच्या रानात भेकर पाहिलेल्या माणसाला टोयोटाच्या या गाडीविषयी एकदम आपलेपणा वाटावा! आणि नाशिकला जन्मलेली महिंद्राची मराझो? ते नाव बास्क भाषेतले, अर्थ शार्क. कोकणात जिला मुशी म्हणतात तीच ही. देशावर, आणि तीही माळकरी आत्याच्या घरी मुशी यायची होती, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

हे सारे मी उत्साहाने सांगत होतो तेव्हा सौ.ने वहीत तीन आकडे लिहिले होते: आईच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून वीस इंच, घडी केल्यावर खुर्चीची रुंदी तेरा इंच, लांबी चौतीस. ती गणित शिकवते. "ही माप घेऊन हिंडायचं," ती म्हणाली. "नावं मागाहून."

आसने हलवून गाडीचा आकार बदलावा, ही कल्पना तशी जुनी आहे. बेन पॉन नावाच्या एका डच व्यापाऱ्याने १९४७ साली एका वहीत डब्यासारख्या गाडीचे चित्र काढले, आणि त्यातून १९५० साली फोक्सवॅगनची ती प्रसिद्ध व्हॅन निघाली. फियाटने १९५६ साली एवढ्याशा मोटारीत तीन रांगा बसवून दाखविल्या. परंतु कुटुंबाची व्हॅन म्हणून जिचा बोलबाला झाला ती अमेरिकेत क्रायस्लरची आणि फ्रान्समध्ये रेनोची एस्पास, दोन्ही १९८४च्या सुमाराच्या. योगायोग पाहा, आपल्याकडे मारुतीची व्हॅन आली तीही १९८४ सालीच. तिलाच पुढे ओम्नी म्हणू लागले. सरकत्या दाराची ती गाडी हिंदी सिनेमावाल्यांनी माणसे पळवण्यासाठी बदनाम केली. पण तिने शाळेची मुले वाहिली, रुग्ण वाहिले, भाजी वाहिली, आणि २०१९ साली ती बंद झाली. तिसऱ्या रांगेची आसने गाडीच्या तळातच गडप करण्याची युक्ती जर्मनीच्या ओपेल कंपनीने १९९९च्या झाफिरात केली. आज दुकानात विक्रेता एक पट्टा ओढून आसन पाडतो आणि जादूगारासारखा आपल्याकडे पाहतो, त्या जादूचे हे सारे पूर्वज.

आम्ही पहिल्या दुकानात गेलो तेव्हा खुर्ची बरोबर नेली नव्हती. ती चूक. तेथल्या तरुणाने सारे आकडे लिटरमध्ये सांगितले. "सर, मागे दोनशे नऊ लिटर जागा आहे." मी म्हटले, "बाबा रे, आम्हाला दूध घालायचे नाही." तो हसला, पण त्याच्याजवळ दुसरे माप नव्हते. एका दुकानात तर एका गृहस्थांनी गॅसवर चालणाऱ्या गाडीत खुर्ची अगदी आरामात मावेल असे छातीला हात लावून सांगितले. दुसऱ्या खेपेला खुर्ची घेऊन गेलो आणि मागचे दार उघडले, तो गॅसची टाकी ऐसपैस लोळत पडलेली. तिसरी रांग शाबूत, तिच्या मागची जागा मात्र टाकीने खाल्लेली. गॅस स्वस्त पडतो हे खरे, आणि रोज पन्नास-साठ किलोमीटर जाणाऱ्याने तो घ्यावाच. पण ज्याच्या घरी चाकांची खुर्ची आहे त्याने आधी टाकी कोठे आहे ते पाहावे. त्या गृहस्थांनी क्षणभर टाकीकडे पाहिले आणि मग म्हणाले, "खुर्ची टपावर बांधता येईल."

तेव्हापासून आम्ही खुर्ची, आई आणि आत्या यांच्यासह जाऊ लागलो. दुकानातील मंडळींची जराशी तारांबळ उडे, पण पाच मिनिटांत जे कळे ते तासभराच्या व्याख्यानाने कळत नसे. आईसारख्या माणसाला गाडीत चढवायचे नसते, सरकवायचे असते. खुर्ची दाराशी लावायची, आईने आधी पाठमोरे होऊन आसनावर टेकायचे, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत घ्यायचे. त्यासाठी गाडीचे आसन खुर्चीच्या बैठकीच्या उंचीला हवे. उंच जीपगाड्यांत तिला उचलून ठेवावे लागे. आमच्या जुन्या लहान गाडीत ती खाली जणू विहिरीत उतरे आणि निघताना दोघांनी ओढावे लागे. या मधल्या उंचीच्या गाड्या तिला बरोबर मानवल्या. माझ्या मते वृद्ध माणसे असलेल्या घराला तीन रांगांच्या या गाड्यांचा सर्वांत मोठा फायदा हा आहे, आणि त्याची जाहिरात कोणीच करीत नाही. उड्या मारणारी मुले आणि समुद्रकिनारा, एवढेच त्या चित्रांत दिसते.

मग निघाला तो आसनांच्या व्यवस्थेचा खरा पेच. या गाड्यांत मधल्या रांगेचे एक आसन दुमडले की मागच्यांना वाट मिळते. दाराजवळचे म्हणून आईला नेमके त्याच आसनावर बसवायला हवे. म्हणजे मागच्या रांगेतल्या आत्याला चहाला उतरायचे झाले की आधी आईला उतरवा! पलीकडच्या बाजूला बसवावे, तर चढउतार भर रहदारीच्या अंगाला. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या आणि त्यांच्यामधून वाट, असा एक प्रकार असतो. पण त्यात सहाच आसने, आणि त्यांतले एक खुर्चीसाठी पाडले की आमच्यातला एक जण पुन्हा फाट्यावर. चिरंजीव मागच्या रांगेत बसून पाहत होता; गुडघे हनुवटीला लावून तो म्हणाला, "बाबा, यात बसून मला झोप येईल, पण पाय येणार नाहीत." हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कागदावर सात लिहिलेले असते. सातव्याची उंची लिहिलेली नसते. मधली रांग पुढे-मागे सरकत असेल तरच या मागच्यांची धडगत.

सौ.ने वहीत सहा चौकोन आखून सगळ्यांना निरनिराळे बसवून पाहिले आणि म्हणाली, "आई पुढे. तुमच्या शेजारी."

आई एकदम कावरीबावरी झाली. "मी पुढं? मी नाही बाई पुढं बसणार."

साऱ्या जन्मात ती पुढे बसलीच नव्हती. बैलगाडीत मागे, जीपमध्ये मागे, वडील होते तोवर ते ड्रायव्हरच्या शेजारी आणि ती मागे. ते गेल्यावर तो मान आपोआप चिरंजीवांकडे गेला होता. पण पुढचे आसन मागे सरकते, पाय लांब करता येतात, दार मोठे, आणि तिच्यामुळे कोणाची वाट अडत नाही. गणिताला उत्तर मिळाले होते. आई एवढेच म्हणाली, "मग बघू."

रेनोची ट्रायबर आम्हाला फार आवडली होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चार मीटरच्या आतली ही गाडी. तिच्या तिसऱ्या रांगेची आसने चक्क काढून घरी ठेवता येतात. सातही जण बसले तर मागे ८४ लिटर जागा, दोन्ही काढली तर ६२५. आत्याने विचारले, "घरी ठेवलेल्या खुर्चीवर बसून तांदूळ निवडता येतील का?" तोही फायदाच. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि बाराशे सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्के झाला, मोठ्यांवर मात्र चाळीस. म्हणजे हातभर लांबीने करात केवढे अंतर पडते पाहा. शहरात राहणाऱ्या, वर्षातून चारदाच गाव गाठणाऱ्या कुटुंबाला मी डोळे मिटून हीच सुचवीन. परंतु आमचे जाणे-येणे घाटांचे, आणि भरल्या गाडीला हजार सी.सी.चे इंजिन घाटात खालच्या गिअरवर आणते. कियाच्या कॅरेन्समध्ये बटण दाबले की मधले आसन आपण होऊन दुमडते, चिरंजीवाचे पायही तीत मावले. पण हप्त्याचा आकडा ऐकून माझे पाय लटपटले. माझ्या एका द्राक्षबागायतदार मित्राची इनोव्हा आहे, तो म्हणाला, "मास्तर, एक हंगाम चांगला जाऊ दे, मग घे." मराठीच्या प्राध्यापकाला हंगाम नसतो.

एर्टिगावर जवळजवळ ठरले होते. तालुक्यात दर चौथ्या दाराशी ती उभी. दुरुस्तीवाला झोपेतही ती दुरुस्त करील. पण सौ.ने अपघात-चाचणीचे निकाल काढले. ग्लोबल एनकॅपने आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या, भारतात बनलेल्या एर्टिगाला २०२४ साली प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकच तारा दिला होता. सहाच्या सहा जण एका गाडीत बसवायचे म्हणजे सारे घरच एका चाकावर ठेवायचे. त्याबाबत ती अडून बसली. तिच्याशी वाद घालणे शक्य होते, पण मला तो जिंकायचा नव्हता.

अशा वेळी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. बी.ए.ला मराठीत तो दोनदा नापास झाला होता. आळेफाट्यावर जीप चालवून त्याने घर उभे केले, आता त्याच्या तीन गाड्या आहेत. त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्याच्या उत्तरपत्रिकेत मला कधी सापडले नव्हते इतके स्वच्छ मराठी मी ऐकले. "सर, गाडी रिकामी पळवून बघू नका, भरून बघा. आणि दुकानाच्या सपाट रस्त्यावर बघू नका, घाटात बघा." मग म्हणाला, "जुनी चालेल का? एक मराझो आहे. एका हाती वापरलेली."

महिंद्राने ही गाडी २०१८च्या सप्टेंबरात नाशिकला समारंभ करून बाजारात आणली. तेथल्याच कारखान्यात ती बने. दीड लिटरचे डिझेल इंजिन, मजबूत सांगाडा, मागच्यांच्या डोक्यावर छतातून थंड वारा, आणि त्याच वर्षी अपघात-चाचणीत चार तारे. (चाचणीचे नियम २०२२ साली कडक झाले; तेव्हा हा जुन्या अभ्यासक्रमातला प्रथम वर्ग, हे मी सौ.ला आपण होऊन सांगितले.) ती फारशी खपली नाही, आणि आता बंद झाली आहे. का खपली नाही? लोकांना उंच नाकाच्या, रानावनात उड्या मारणाऱ्या दिसणाऱ्या गाड्या हव्या झाल्या. घरदार घेऊन निमूट चालणारी गाडी म्हणजे भाड्याची, असा एक समज आहे. चिरंजीवाचे मतही तेच पडले. "बंद पडलेली गाडी घेताय?" त्याने विचारले. "बंद पडलेली नव्हे, बंद झालेली," मी म्हणालो. व्याकरण कधीतरी कामी येते.

बंद झालेली गाडी घेण्यात धोका आहे, नाही असे नाही. इंजिनाचे सुटे भाग मिळतात, पण एखादा दिवा, एखादे दार यांसाठी वाट पाहावी लागू शकते. विकताना किंमत येत नाही. उलट घेतानाही ती द्यावी लागत नाही, ही जमेची बाजू. जुन्या गाडीच्या कर्जाचे व्याज नव्याहून चढे असते, तेही धरले. विद्यार्थ्याने कारागिराकडून गाडी वर उचलून तपासून घेतली. दुरुस्तीच्या नोंदी आणि किलोमीटरचा काटा ताडून पाहिला. नोंदणीपुस्तकावरचा आधीच्या कर्जाचा बोजा उतरला आहे ना, हे मला पाहायला लावले. एक गोष्ट त्याने बजावली, ती डिझेल घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी: एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते, गाडी नुसती बाजार ते घर अशी फिरवली तर ती तुंबते. अधूनमधून लांब पल्ल्यावर सलग पळवावी लागते. "म्हणजे फिरायला जावंच लागेल," कन्या म्हणाली.

खुर्चीची परीक्षा सौ.ने घेतली. तिसऱ्या रांगेचे दोन भाग निरनिराळे दुमडतात. डावा भाग पाडला, खुर्चीचे पावठे काढून ती आडवी सरकवली, आणि मागचे दार लावले. लागले. तिने ते उघडून पुन्हा एकदा लावले. उजव्या भागावर आत्या बसली होती; तिने खुर्चीच्या चाकावर हात ठेवून सांगितले, "हिला मी धरीन. तुम्ही चला." मग आम्ही सहा जण, एक खुर्ची आणि पाण्याची कळशी असा सारा सरंजाम घेऊन खेडचा जुना घाट दोनदा चढलो-उतरलो. विद्यार्थी मागून मोटारसायकलवर येत होता, परीक्षकासारखा.

पाडव्याला गाडी घरी आली. आत्याने औक्षण केले. मुशीचे मी तिला अजून सांगितलेले नाही.

आता आईचे सांगायला हवे. तिचे माहेर आंबेगाव. तालुक्याला ज्याचे नाव आहे ते गाव आज तालुक्यात नाही. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली ते गेले, आणि कचेरी आहे घोडेगावला. कागदोपत्री रोज हजारो लोक त्या गावाचे नाव लिहितात. आईची माणसे उठून इकडेतिकडे गेली. उन्हाळ्यात पाणी खूप उतरले की जुन्या खुणा उघड्या पडतात, असे तिचे भाऊ येऊन सांगत. ती ऐकत असे. "एकदा जाऊ," असे मी वीस वर्षे म्हणत होतो. कधी सुट्टी नव्हती, कधी गाडीत जागा नव्हती. नंतर तिचे हाड मोडले.

वैशाखात, पाणी उतरल्याची खबर आली तेव्हा, निघालो. मंचरला मासवडी बांधून घेतली. आई पुढे बसली होती. पहिले काही किलोमीटर तिने दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती, मग सोडली. घोडेगाव मागे पडले. डिंभे ओलांडून पोखरीच्या घाटाला गाडी लागली. सहा जण, एक खुर्ची, डबे, आणि गाडीने कुरकुर केली नाही. मागून आत्याचा आवाज आला, "इथं वारा चांगला येतोय गं!" ती त्या वाऱ्याचे तासभर कौतुक करीत होती.

एका वळणावर रुंद जागा पाहून थांबलो. मी खुर्ची काढली, उलगडली, दाराशी लावली. आई सवयीने सरकली आणि बसली. खाली जलाशय आटला होता. कडेने सुकलेल्या गाळाचे पट्टे, आणि दूर पाण्यातून वर आलेले काही उंचवटे. मला त्यांतले काहीही ओळखता येत नव्हते. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने हात उचलून दाखवले, "तो बांध दिसतो का, त्याच्या अलीकडं आमची वाट. लग्नानंतर निघाले ना, तेव्हा छकड्यात मी मागं तोंड करून बसले होते. गाव कुठवर दिसतं ते बघत. त्या वळणापर्यंत दिसत होतं." तिने दाखवलेल्या दिशेला पाणीच होते. कन्येने विचारले, "आजी, मग रडलीस का?" आई म्हणाली, "नाही गं. बैल बुजरा होता, सारा वेळ गाडीला धरून बसले होते."

आत्या खुर्चीमागे उभी होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच आमच्याबरोबर घाटात आली होती. तिच्या हातात मासवडीचा डबा होता आणि तो उघडायचे ती विसरली होती.

परत निघताना मी खुर्चीची घडी करू लागलो. आईने एक हात गाडीच्या दारावर ठेवला, पण आत सरकली नाही. "हिला बसव आता पुढं," आत्याकडे बोट करून ती म्हणाली.

"वन्सं, अहो, तुमचा पाय..." आत्या गडबडली. गडबडीत तिने नातेच उलटे केले. वन्सं ती आईची.

"पाय काय, मधल्या रांगेतसुद्धा मावतो. सूनबाईंनी मापं घेतलीत."

तेव्हा सौ.ने वही काढली, चौकोन पुन्हा आखले, चिरंजीव कुरकुरत मागे खुर्चीशेजारी गेला, आणि आत्या पदर सावरून माझ्या शेजारी येऊन बसली. घाट उतरेपर्यंत तिनेही दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती.